निनावी घोडा

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याविषयी लिहावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. नायगारा मीही पाहिला. पाणी पुष्कळ आहे. पण या दिवाळीत मला सांगायचे आहे ते एका घोड्याविषयी. हा घोडा बोटाच्या दोन पेरांएवढा, पोलादाचा, आणि त्याने जन्मात एकदाही धाव घेतलेली नसावी. बंदुकीचा चाप ओढला की जो तुकडा झटक्याने पुढे येऊन आघात करतो, त्याला आपल्याकडे घोडा म्हणतात. मराठी शिकवणाऱ्या बाईच्या हाती असला घोडा कसा लागला, ते सांगते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे, सुहासकडे, दीड महिना राहिले. तो कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला असतो. सोबत मी एक काम नेले होते. आमच्या आजीची, म्हणजे आईच्या आईची, ओव्यांची एक वही आहे. वाईच्या घरात, फडताळात, ती कित्येक वर्षे पडून होती. एकशे बारा ओव्या, अक्षर आजीचे, कुठेही कोणाचे नाव नाही. थोरल्या मावशीच्या मनात या ओव्यांचे पुस्तक काढायचे होते. 'आईचं पुस्तक' हे शब्द उच्चारताना तिचा आवाज बदलतो. छपाईचा खर्च ती आपल्या पेन्शनीतून करणार होती, आणि प्रस्तावना अर्थातच माझी. "या ओव्यांची कवयित्री निःसंशय आमची आजीच," असे एक वाक्य मी तिच्यात झोकात लिहूनही टाकले होते. जुलैत हस्तलिखित छापखान्यात जायचे होते.

सुहासच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. बायको वारलेली, मुले दूर. अंगणातल्या गुलाबांना पाणी घालताना ते माझ्याशी बोलत. मी काय काम करते, असे त्यांनी एकदा विचारले. मी वहीविषयी सांगितले. नाव नसलेल्या ओव्या कोणाच्या, हे ठरवते आहे, असे जरा ऐटीतच म्हटले. आजोबा आत गेले आणि बटणांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. रंगीबेरंगी बटणांच्या तळाशी तो घोडा होता.

"ही माझ्या आईची बटणं," ते म्हणाले. "आणि हाही तिचाच. युद्धाच्या काळात ती अंडरवुडमध्ये कामाला होती. हा तिनं केलेला असावा, असं मला लहानपणापासून वाटतं. पण यावर काही खूण नाही. ते कसं ठरवतात, तुम्हाला ठाऊक आहे का?"

अंडरवुड! हे नाव ऐकताच माझ्या कानांत टकटक सुरू झाली. माझे वडील सातारला एका वकिलांकडे टंकलेखनिक होते. त्यांच्या टेबलावरच्या काळ्या धुडावर सोनेरी अक्षरांत हेच नाव होते. ती कंपनी टाइपरायटरची. तिचा बंदुकीशी काय संबंध? 

उत्तर सुहासने दिले. तो यंत्रांतला माणूस, शिवाय या भागाचा इतिहास त्याला पाठ. १९४१ साली अमेरिकी सैन्याने 'एम-वन कार्बाईन' नावाची एक आखूड, हलकी रायफल पसंत केली. मोठ्या रायफलीचे वजन साडेनऊ पौंड. ही जेमतेम साडेपाच पौंडांची. ज्यांना मोठी रायफल वाहून नेणे अवघड, अशा तोफखान्यातल्या आणि पिछाडीच्या लोकांना ती द्यायची होती. लागणार होत्या लाखांनी, आणि बंदुकांचे नेहमीचे कारखाने आधीच कामाने वाकलेले. तेव्हा सरकारने दहा कंपन्यांना मुख्य कंत्राटे दिली. त्या कंपन्यांची यादी वाचून मला हसू आले. त्यांत विंचेस्टर तेवढी बंदुका करणारी. बाकी हार्टफर्डची अंडरवुड टाइपरायटरवाली; आय.बी.एम. हिशेबाच्या यंत्रांची, एक टपालाची यंत्रे करणारी, एक मोटारींची सुकाणूची यंत्रणा करणारी, आणि शिकागोची रॉक-ओला तर नाणे टाकले की गाणे वाजवणाऱ्या पेट्यांची! (हे नाव रॉक संगीतावरून आले असेल असे मला वाटले, पण ते मालकाच्या रॉकोला या आडनावावरून आले आहे.) दहांपैकी एका कंपनीची एकही बंदूक सैन्याने आपल्या कसोटीस उतरलेली मानली नाही. उरलेल्या नऊ जणींनी मिळून साठ लाखांवर कार्बाईनी केल्या. त्यांतल्या पाच लाखांहून अधिक एकट्या अंडरवुडच्या.

"म्हणजे ताई," सुहास म्हणाला, "बाबांचा टाइपरायटर आणि हा घोडा, दोघे मावसभाऊ!"

या कंपन्या आपापल्या भागांवर एकेक अक्षर ठोकीत. अंडरवुडचे यू, विंचेस्टरचे डब्ल्यू, स्टँडर्ड प्रॉडक्ट्सचे एस. पोटकंत्राटदाराने केलेल्या भागावर पुष्कळदा दोन अक्षरे असत: एक मुख्य कंपनीचे, एक करणाऱ्याचे. मला हे फारच ओळखीचे वाटले. आपल्या संतांच्या अभंगांत शेवटच्या चरणात 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' येते, त्याला आम्ही नाममुद्रा म्हणतो. ही पोलादावरची नाममुद्रा. आजोबांच्या घोड्यावर मात्र ती नव्हती.

सुहासने ठरवले की रविवारी सगळ्यांनी स्प्रिंगफील्डला जायचे. तिथली आर्मरी, म्हणजे सरकारी बंदुकांचा जुना कारखाना, आता संग्रहालय झाला आहे. आणि तिथेच आजोबांच्या ओळखीचे एक निवृत्त हत्यार-कारागीर राहतात. हार्टफर्ड सोडताना कोल्ट कंपनीच्या जुन्या कारखान्याचा निळा, सोनेरी चांदण्यांचा घुमट दिसला. एखाद्या परदेशी देवळावरून उचलून आणावा तसा तो कांद्याच्या आकाराचा घुमट रस्त्याच्या कडेला उभा आहे. पुढे कनेक्टिकट नदी सोबत करीत राहते. अंतर पंचवीसेक मैल. पुण्याहून वाईला जाताना शिरवळ येते, तेवढ्यात आपण मॅसॅच्युसेट्स राज्यात. माझा भाचा चिन्मय गाडीत सारखा विचारत होता, "आत्या, आपण बास्केटबॉलचं म्युझियम कधी बघायचं?" त्याचेही बरोबर होते. हा खेळ १८९१ साली याच गावात जन्मला.

आर्मरी एका टेकाडावर आहे. विटांच्या लांबलचक इमारती, मधोमध हिरवळ, भोवती उंच लोखंडी कुंपण. १७९४ साली इथे राष्ट्रीय कारखाना स्थापन झाला आणि १९६८ साली तो बंद पडला. आता बऱ्याच इमारतींत कॉलेज भरते. सुटीचा दिवस असूनही दोन मुली पायऱ्यांवर पुस्तके घेऊन बसल्या होत्या. कॉलेज दिसले की आम्हा प्राध्यापक मंडळींना धीर येतो.

संग्रहालयात शिरल्यावर समोर बंदुकांची एक भली मोठी घोडी आहे. जुन्या नळीच्या बंदुका तिच्यावर ओळीने उभ्या, एकीवर एक, थेट वरपर्यंत. कवी लाँगफेलो १८४३ साली नव्या नवरीला घेऊन इथे आला होता. त्या बाईंना ही रांग चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारखी दिसली, आणि यावर शांततेची एक कविता लिहा, असे तिने नवऱ्याला सुचवले. त्याने ती लिहिलीही. मधुचंद्राला शस्त्रागार पाहायला जाणारे जोडपे मला गमतीचे वाटले. पण त्या घोडीसमोर उभी राहिले आणि हसू मावळले. प्रत्येक नळीमागे एक माणूस, आणि पुढेही एक माणूस. त्या बाईंना जे सुचले ते योग्यच होते.

पलीकडे ब्लँचर्डचा लेथ आहे. बंदुकीचा लाकडी दस्ता वेडावाकडा. तो तासायला कारागिराला कितीतरी वेळ लागे. थॉमस ब्लँचर्डने दोनशे वर्षांपूर्वी अशी युक्ती काढली, की एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरतो, त्यावर एक चाक टेकलेले असते. आणि ते चाक जसे वरखाली होईल, तसेच दुसऱ्या बाजूचे पाते नव्या लाकडाला तासते. नमुन्याची नक्कल, तीही न शिकलेल्या हातांकडून. पूर्वी प्रत्येक बंदूक स्वतंत्र असे. हिचा घोडा तिला बसत नसे, कानस घेऊन जुळवावा लागे. पुढे मापाची गेजे आली. भाग गेजात बसला तर पास, नाही तर भंगारात. १८४२च्या नमुन्याच्या बंदुकीपर्यंत इथली मंडळी अशा ठिकाणी पोचली, की हजार बंदुका खोलून भाग मिसळावेत आणि हाताला येईल तो भाग घेऊन पुन्हा हजार बंदुका जोडाव्यात. आज आपण स्कूटरचा भाग दुकानातून आणून बिनधास्त बसवतो, त्याची एक मोठी वाट या टेकाडावरून गेली आहे.

युद्धाच्या दालनात लेथवर वाकलेल्या बायकांची छायाचित्रे आहेत. डोक्याला रुमाल बांधलेले, बाह्या सरसावलेल्या. आजोबा प्रत्येक चित्रापुढे थांबत होते. ही छायाचित्रे त्यांच्या आईच्या कारखान्यातली नव्हेत, हे त्यांना माहीत होते. तरी ते थांबत होते.

दुपारी आम्ही त्या कारागिरांच्या घरी गेलो. ते विशीत असताना या आर्मरीत उमेदवारी करीत होते, आणि काम हाती बसते न बसते तोच ती बंद झाली. घराला लागून त्यांची खोली: भिंतीला कानशी टांगलेल्या, टेबलावर दिवा, भिंग, आणि लाकडी खणांत कार्बाईनचे सुटे भाग. प्रत्येक खणावर चिठ्ठी. आमच्या विभागातले पुस्तकांचे कपाट एवढे नीट लावलेले नाही.

त्यांनी घोडा हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आधी हा कोणाचा नाही, ते बघू."

युद्ध संपल्यावर काही खाजगी कंपन्यांनी याच घाटाच्या कार्बाईनी विकण्यासाठी केल्या. फ्लोरिडात एक कंपनी होती, न्यू जर्सीत एक. त्यांच्या भागांवर अक्षर नसले तर नवल नाही. म्हणून पहिली शंका तीच. त्यांनी घोडा दिव्याखाली धरून कडा दाखवल्या, वरचा लेप दाखवला, आणि खणातला नंतरच्या काळचा एक घोडा शेजारी ठेवला. फरक मलाही दिसला. "हा युद्धातला," ते म्हणाले. आजोबांनी श्वास सोडला.

दुसरी पायरी आकाराची. काम चालू असताना नकाशे सारखे बदलत. घोड्याच्या पाठीचा आकार सुरुवातीला एक होता, पुढे दुसरा झाला. मागचे नेमाचे पान आधी उघडझाप करणारे होते, ते १९४४पासून सरकवता येणारे झाले. असे बदल ठाऊक असले, की भाग आधीचा की नंतरचा ते कळते. पोथीतल्या अक्षरवळणावरून आम्ही काळ ठरवतो, तसेच हे.

"आणि माप?" मी विचारले. "मापावरून कारखाना नाही का कळणार?"

ते हसले. "मापावरून काहीच कळत नाही. माप सगळ्यांचं एकच हवं, म्हणून तर हा सारा खटाटोप होता. भाग जितका उत्तम, तितका तो मुका. बोलतो तो दोष. एखाद्या कारखान्यातलं पातं बोथट झालेलं असतं, ते दर भागावर तीच रेघ ओढतं. कुठे घाईत कड घासायची राहते. मोठ्या रायफलीचे विंचेस्टरनं केलेले छोटे भाग पुष्कळदा कोरेच असतात. पण त्यांची यंत्रं जुनी होती, खरखरीत रेघा राहत, त्यावरून जाणकार ओळखतो."

मी खुर्चीत ताठ बसले. हे तर मी दरवर्षी एम.ए.च्या वर्गात सांगते! दोन पोथ्यांत एकच बरोबर शब्द सापडला तर काही सिद्ध होत नाही. बरोबर काय, कोणीही लिहील. पण दोघींत एकच चूक सापडली, तर त्या एका घरच्या. आमच्या पुण्यात भांडारकर संस्थेतल्या पंडितांनी महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून १९६६ साली चिकित्सित आवृत्ती पुरी केली. शाईऐवजी पोलाद असते, तर त्या पंडितांनाही असाच दिवा आणि असेच भिंग लागले असते.

कारागिरांनी अंडरवुडच्या खणातले चार घोडे ओळीने मांडले, दुसऱ्या कंपन्यांचेही मांडले, आणि एकेक रेघ आम्हाला दाखवली. तासभर गेला. चिन्मयही बास्केटबॉल विसरला होता. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवले.

"अंडरवुडचा असू शकतो. नाही असं मी म्हणणार नाही. पण या दोन कंपन्यांच्या घोड्यांवरही अशाच रेघा आहेत. तिघांतून एक निवडायला माझ्याकडे पुरावा नाही. आणि आणखी एक. १९४२ पासून या कंपन्यांची मिळून एक समिती होती. एकीकडे भाग कमी पडले की दुसरीकडून पाठवायचे. अंडरवुडच्या नळ्या कितीतरी दुसऱ्यांच्या बंदुकांवर आहेत. कारखान्यातून बाहेर पडतानाच एका बंदुकीत चारपाच घरचे भाग असत. तेव्हा हा घोडा अंडरवुडच्या इमारतीतून आला हे खरं असलं, तरी तो तिथंच झाला असं ठरत नाही."

खोलीत शांतता झाली. सुहास हळूच म्हणाला, "तुम्ही 'यू' म्हटलं असतं, तरी आम्हाला काय कळणार होतं?"

"ते बाजारात म्हणतात," कारागीर म्हणाले. "अक्षर असलं की किंमत वाढते. कोऱ्या भागावर हवं ते अक्षर ठोकणारेही आहेत." मग आजोबांकडे वळून ते म्हणाले, "तुमची आई तिथं उभी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला फक्त हे लोखंड ठाऊक आहे. लोखंड जेवढं सांगतं, त्याच्यापुढं मी जाणार नाही."

मला वाटले, आजोबा खट्टू होतील. ते घोडा हातात घेऊन नुसते पाहत राहिले. परतीच्या वाटेवर, नदी पुन्हा दिसू लागली तेव्हा, ते बोलले. "आई या कामाबद्दल फारसं सांगायची नाही. पगार चांगला होता, एवढंच म्हणायची. १९४४च्या वसंतात काम बंद झालं, तशी घरी आली. त्या बंदुका कुठं गेल्या, कोणाला लागल्या, हे तिनं कधी विचारलं नाही. आम्हीही तिला विचारलं नाही. पण हा तिनं बटणांच्या डब्यात ठेवला. केला कोणी ते राहू द्या. ठेवला तिनं."

अंडरवुड कंपनी १९५९ साली इटलीच्या ऑलिव्हेट्टीने घेतली. हार्टफर्डचा तो कारखाना आता नाही. आजोबांनी जाताना बोट करून दिशा तेवढी दाखवली.

त्या रात्री मी वही काढली, पण माझ्या झोकदार वाक्याकडे पाहवेना. कारागिरांचा पहिला प्रश्न मी आजीच्या ओव्यांना कधी विचारलाच नव्हता: या कोणाच्या नाहीत? हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्या आता घरबसल्या पाहता येतात. मी पाहायला बसले. पुढच्या पंधरा दिवसांत आजीच्या एकशे बारांपैकी एकेचाळीस ओव्या मला तिथे भेटल्या. कुठे मावळात, कुठे आणखी दूर, ज्या बायकांनी वाई कधी पाहिली नसेल त्यांच्या तोंडी. उरलेल्या एकाहत्तर आजीच्याच, असेही त्यावरून ठरत नाही. एवढेच, की त्या मला दुसरीकडे सापडल्या नाहीत.

पण ताडून पाहताना एक गोष्ट लक्षात आली. त्या एकेचाळिसांत सात ठिकाणी आजीचा शब्द इतरांहून वेगळा होता. इतरत्र जिथे दुसरी नदी, तिथे हिच्या वहीत कृष्णा. जिथे दुसऱ्या कोणाचा भाऊ, तिथे हिच्या भावाचे नाव; आणि एका ठिकाणी तर मात्रा मोडली तरी चालेल, पण तिने आमच्या आईचे नाव घुसवले आहे. ओवी तिथे अडखळते. गेजात घातली तर नापास होईल. आजी मला सापडली ती त्या अडखळण्यात.

घरी परतल्यावर वाईला गेले. मावशीला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग जरा रागानेच म्हणाली, "म्हणजे आईनं काहीच केलं नाही, असंच ना?"

मी तिला घोड्याची गोष्ट सांगितली. बटणांचा डबा सांगितला. मग वही उघडून त्या सात जागा दाखवल्या. आईच्या नावाची ओवी तिने चष्मा लावून वाचली, आणि वाचता वाचता चालीवर म्हणायला लागली. नेमकी त्या मोडलेल्या मात्रेवर अडखळली आणि हसली.

"अगं, आई इथं अशीच अडखळायची. आम्हाला वाटायचं, तिला चाल येत नाही."

पुस्तक दिवाळीनंतर निघेल. प्रस्तावनेतला 'निःसंशय' मी काढला आहे. मुखपृष्ठावर आजीचे नाव आहे. त्याखाली 'कवयित्री' नाही, 'हिने जपलेल्या ओव्या' असे आहे. हा शब्द मावशीनेच सुचवला. पहिली प्रत हार्टफर्डला पाठवायची आहे. आजोबांना मराठी येत नाही, पण त्या पानावर मी खूण घालून ठेवणार आहे.